जनरल हाल्बेक यांची रजा

दीनानाथ शेलार यांना रिकामं बसता येत नाही. हा गुण म्हणायचा की खोड, यावर ॲथलोनमधल्या त्यांच्या लेकीच्या घरात एकमत नाही. चार वर्षांपूर्वी बायको गेली, साताऱ्याजवळच्या गावातल्या घराला कुलूप लागलं आणि डॉक्टर असलेल्या सुमेधाने वडिलांना आयर्लंडला आपल्याकडे आणलं. आठवड्याभरात त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. स्वयंपाक करायला नव्हे, तो त्यांना येत नाही. इथे भिंतीतल्या कपाटाला प्रेस म्हणतात हे तन्वीकडून, म्हणजे नातीकडून, कळताच त्यांनी ‘प्रेस क्रमांक १’ ते ‘प्रेस क्रमांक ११’ अशा चिठ्ठ्या चिकटवल्या. कुठल्या प्रेसमध्ये काय आहे याची यादी ठळक अक्षरात लिहून फ्रिजवर लावली आणि खाली सही ठोकली. सुमेधा चार दिवस चिडचिड करत राहिली. पाचव्या दिवशी तीही यादी बघून हळद काढू लागली.

बत्तीस वर्षं फौजेत, त्यातली अठ्ठावीस रेकॉर्ड ऑफिसात, शेवटी सुभेदार होऊन निवृत्त. बंदूक चालवली ती ट्रेनिंगमध्ये आणि पुढे वर्षातून एकदा, नियमाला धरून. गावातली पोरं विचारायची, आबा, तुम्ही कुठल्या लढाईत होता? हे म्हणायचे, “सगळ्याच.” ही थाप नव्हती. कुठल्याही लढाईतला जवान शेवटी त्यांच्या टेबलावर कागद होऊन यायचा. भरती झाला, जखमी झाला, लग्न केलं, पोर झालं, रजेवर गेला, रजेवरून आला, सगळं त्याच्या शीट रोलवर चढायचं. शीट रोल म्हणजे शिपायाच्या नोकरीचा पुरा पट. शिक्षा झाली तर ती लाल शाईत. आणि नोंदीत चूक झाली तर ती खोडायची नाही, खरवडायची नाही, वर पांढरं फासायचं नाही. एक सरळ रेघ मारायची, अशी की खालचं वाचता आलं पाहिजे. वर बरोबर काय ते लिहायचं, लिहिणाऱ्याने सही करायची, तपासणाऱ्याने सही करायची. दीनानाथांच्या सहीचा कागद अठ्ठावीस वर्षांत वरून कधी परत आला नाही. हे ते आपणहून सांगत नाहीत. कुणी विचारलं तर मात्र बराच वेळ सांगतात.

शेजारच्या उर्सुला फॅलन यांनी विचारलं होतं. सत्त्याऐंशी वर्षांच्या, उंच, काटक बाई. कुंपणापलीकडे त्यांचं आलुबुखाराचं झाड आणि त्याखाली एक लाकडी बाक. रोज साडेनऊच्या ठोक्याला इस्त्रीच्या पँटीत फाटकाशी ताठ उभा राहणारा हा म्हातारा त्यांनी दोन महिने पाहिला आणि मग न राहवून विचारलं, “तुम्ही सैन्यात होता का?”

“येस मॅडम. रेकॉर्ड्स.”

“माझे वडीलही सैन्यात होते,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या बाजूला.”

बाई जन्माने जर्मन. युद्ध संपल्यावर रेडक्रॉसने उपाशी जर्मन मुलं बोटीने आयर्लंडला आणली, त्यांत आठ वर्षांची उर्सुला हाल्बेक होती. ॲथलोनच्या एका दुकानदाराकडे ठेवली, आणि तिकडे आई वारल्यावर ती इथेच राहिली. पुढे मिक फॅलनशी लग्न झालं, मिक गेला, मुलं कॅनडाला गेली. जर्मन भाषाही बरीचशी गेली. वडील, मेजर जनरल रुडॉल्फ हाल्बेक, कैदेतच वारले होते. या सगळ्याला बाईंचा एकच शब्द असे, “ग्रँड.” तब्येत कशी आहे? ग्रँड. पाऊस किती आहे? ग्रँड. दर गुरुवारी सकाळी अकराला चहा आणि त्यांनी केलेला आलुबुखाराचा मुरंबा, असा दोघांचा परिपाठ पडला. दीनानाथांचं नाव त्यांना पेलेना, म्हणून त्यांनी त्याचं ‘डीन’ करून टाकलं. बत्तीस वर्षांत ज्यांनी कुणाचं नाव अर्धं लिहिलं नाही, त्या माणसाने हेही चालवून घेतलं. जीव लागला होता, दुसरं काय.

यंदाच्या जूनमधल्या एका गुरुवारी चहाऐवजी टेबलावर एक करडी फाइल होती.

“डीन, मला तुमची सही हवी आहे,” बाई म्हणाल्या.

पूर्व युरोपातल्या एका खेड्यातल्या शाळामास्तरीण बाईंचं पत्र आलं होतं. १९ ऑगस्ट १९४२ या दिवशी जर्मन डिव्हिजनने ते खेडं जाळलं. एकशे एकवीस माणसं मेली. दरवर्षी त्या दिवशी शाळेतली मुलं सगळी नावं मोठ्याने वाचतात. डिव्हिजन होती जनरल हाल्बेक यांची. पत्रात आरोप नव्हता, आवाजही चढलेला नव्हता. एवढंच विचारलं होतं की, त्यांची मुलगी हयात आहे असं कळलं, तिला या दिवशी काही सांगायचं असेल तर आम्ही तेही वाचू.

“मला सांगायचं आहे,” बाई म्हणाल्या. “ते तिथे नव्हते. त्या ऑगस्टमध्ये त्यांना रजा होती आणि डिव्हिजन दुसऱ्याच्या हाताखाली होती. ते माझ्या वाढदिवसाला घरी आले होते. वीस ऑगस्ट. मला आठवतं, डीन. त्यांनी मला खांद्यावर घेतलं आणि मी झाडावरचे आलुबुखार तोडले. हे बघा.”

फोटोत गणवेशातला एक माणूस होता. त्याच्या खांद्यावर एक पोरगी, तिच्या दोन्ही मुठींत फळं आणि तोंडभर हसू. मागे निळ्या शाईत आईचं अक्षर: ‘२० ऑगस्ट १९४२. उर्सुला चार वर्षांची.’ बोटीवर बसवताना आईने हा फोटो पोरीच्या कोटाच्या अस्तरात शिवून दिला होता. त्यानंतर आईची भेट झाली नाही.

फाइलमध्ये जनरलसाहेबांच्या सेवापटाच्या प्रती होत्या. पन्नास वर्षांपूर्वी बाईंनी त्या जर्मनीहून मागवल्या, रजा मंजूर झाल्याची ओळ पाहिली आणि फाइल मिटली. आता त्यांना हवं होतं ते असं की, जाणत्या माणसाने हे कागद तपासावेत आणि खाली लिहावं, ‘तपासले, बरोबर आहे’. दीनानाथांना जर्मनचं अक्षरही ओळखता येत नव्हतं. पण पानांवर नजर टाकताच त्यांचा चेहरा फुलला. तारखेचा रकाना, पलटणीचा रकाना, घटनेचा रकाना. जगात कुठेही जा, शिपायाचं आयुष्य असंच आखलेलं असतं.

दोन गुरुवार काम चाललं. बाई शब्दकोश घेऊन एकेक ओळ लावायच्या, दीनानाथ ती मोठ्या वहीत उतरवून घ्यायचे. बढत्यांचं पान वेगळं, बदल्यांचं वेगळं, जखमांचं, पदकांचं, रजांचं वेगळं. बाराव्या वर्षी कॅडेट शाळेत. एकोणीसशे चौदाला लेफ्टनंट, पहिल्या युद्धात दोनदा जखमी. मग हरलेल्या देशाची फौज एवढीशी उरली, त्यात हा माणूस टिकला खरा, पण अकरा वर्षं कॅप्टनचा कॅप्टन.

“अकरा वर्षं!” दीनानाथ कळवळून म्हणाले. त्यांची स्वतःची बढती सात वर्षं रखडली होती.

पुढे फौज फुगत गेली तशा बढत्याही धावत आल्या. चाळीसला फ्रान्समध्ये कर्नल, एक्केचाळीसला पूर्वेकडे, बेचाळीसच्या एप्रिलात मेजर जनरल आणि हाताखाली अख्खी डिव्हिजन. फेब्रुवारी त्रेचाळीसमध्ये शौर्याचं मोठं पदक, गळ्यात घालायचा क्रॉस, मिळाला. पंचेचाळीसला कैद, अठ्ठेचाळीसला कैदेत मृत्यू. कागदातला माणूस हळूहळू ओळखीचा होतो, हे दीनानाथांना ठाऊक होतं. या माणसाला चिकाटी होती, दुखणी काढायची सवय नव्हती, आणि शेरे सगळे एकजात चांगले होते.

“एकही लाल नोंद नाही, मॅडम,” ते कौतुकाने म्हणाले, आणि आपल्याकडे लाल शाई कशासाठी असते तेही त्यांनी सविस्तर समजावलं. बाई हसल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, “चहा घेऊ या.”

खरं काम घरी, जेवणाच्या टेबलावर झालं. पानांप्रमाणे उतरवलेल्या नोंदी तारखेवार लावायच्या, हा रेकॉर्ड ऑफिसचा पहिला धडा. माणूस पानापानाने जगत नाही, दिवसादिवसाने जगतो. शनिवारी दुपारी दीनानाथ ऑगस्ट बेचाळीसपाशी आले आणि त्यांचं पेन थांबलं.

रजांच्या पानावर होतं: १५ ते २९ ऑगस्ट १९४२, मंजूर. पुढचे दोन रकाने, निघाल्याचा आणि परत हजर झाल्याचा, कोरे. खालच्या ओळीत: १६ ते २८ ऑगस्ट १९४३. मंजूर, रवाना, हजर. तिन्ही शिक्के होते. आणि जखमांच्या पानावरची ओळ आता या दोहोंच्या मध्ये येऊन बसली होती: १९ ऑगस्ट १९४२, छऱ्याने डाव्या दंडाला किरकोळ जखम, मलमपट्टी करून तुकडीसोबतच राहिले.

बाईंचा फोटो त्यांनी मोबाइलवर टिपून आणला होता, तो मोठा केला. गणवेशाच्या गळ्याशी क्रॉस दिसत होता. तो क्रॉस फेब्रुवारी त्रेचाळीसपर्यंत त्या गळ्यात आलेलाच नव्हता. दीनानाथांनी चष्मा काढून डोळे पुसले. पोरगी आलुबुखार तोडत होती खरी, पण एक वर्ष उशिरा.

सुमेधा ड्यूटीवरून आली तेव्हा वडील वहीपुढे तसेच बसून होते. चहा गार झाला होता. त्यांनी तिला सगळं सांगितलं.

“बाबा, प्लीज,” ती म्हणाली. “शी इज एटी-सेव्हन. तिला आता हे सांगून काय मिळणार? सही करू नका हवं तर. मला जर्मन समजत नाही म्हणा आणि सोडून द्या ना.”

“अगं पर तिनं रजा मंजूर झालेली बघितली. मंजूर झालेली रजा आनि घेतलेली रजा ह्यात लई फरक असतोय.”

“तिला कुठे माहीत असणार हे?”

“तुला तरी कुटं म्हाईत हाय?” दीनानाथ बोलून गेले आणि मग मागे फिरता येईना. “तुझ्या बारशाला मी नव्हतो, सुमे. आठ दिवसांची रजा मंजूर झालेली. ट्रंक भरून तयार हुती. त्याच सकाळी ऑफिसात इन्स्पेक्शन आलं नि रजा रद्द. लढाई न्हाई, काय न्हाई, इन्स्पेक्शन! कागदावर मातुर अजून मंजूरच हाय.”

सुमेधा खुर्चीत बसली. “आई तर म्हणायची की तुम्ही पाळण्याची दोरी धरली होती. सोनेरी काठाचं बाळंतं तुम्हीच आणलं होतं.”

“पोस्टानं धाडलं हुतं. तुला वाईट वाटू नये म्हनून सांगायची. मीबी गप बसलो. बरंच वाटायचं मला, खोटं कशाला बोलू.”

 वरून तन्वी ओरडली, “आजोबा, व्हॉट्स फॉर डिनर?” कुणी उत्तर दिलं नाही, तेव्हा ती स्वतःच “ग्रँड” म्हणून गप्प झाली.

“वाईट वाटलं?” दीनानाथांनी विचारलं.

“वाटलं ना. आईचा राग आला. आणि मग ती पोस्टाची वाट बघत बसली असेल, तेही डोळ्यांपुढे आलं.” सुमेधाने डोळे पुसले. “पण कळलं ते बरं झालं, बाबा. आता खरी आई कळली जरा.” ती उठली, वडिलांच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, “जा तुम्ही. पण हळू सांगा. आणि फाडकन इंग्रजीत नका सांगू, तुमचं इंग्रजी नोटिशीसारखं असतं.”

गुरुवारी अकराला दीनानाथ गेले. हळू सांगायचं ठरवून गेले होते, पण दारातच त्यांच्या तोंडून निघालं ते असं, “मॅडम, खेद आहे, मी सही करू शकत नाही.”

मग त्यांनी वही उघडून तीन ओळींवर बोट ठेवलं. दोन कोरे रकाने, छऱ्याची जखम, तीन शिक्के. शेवटी गळ्यातला क्रॉस. बाई ताठ बसून ऐकत होत्या.

“मला आठवतं,” त्या म्हणाल्या. “सालींचा वास आठवतो. त्यांची खरखरीत कॉलर आठवते.”

“आठवण खरी आहे, मॅडम. एक शब्दही खोटा नाही. ते आले होते, त्यांनी तुम्हाला खांद्यावर घेतलं होतं. फक्त साल चुकलं आहे.”

“फक्त,” बाई म्हणाल्या. त्यांनी फोटो हातात घेतला. “म्हणजे मला उचललं तेव्हा ते सगळं करून आले होते. वर्षापूर्वीच. आणि हसत आहेत.”

“हो.”

“याच हातांनी उचललं.”

 फौजेने दीनानाथांना शेकडो घरांना दुःखाची तार कशी लिहायची ते शिकवलं होतं, पण ती पोचल्यावर समोर बसून काय करायचं ते शिकवलं नव्हतं. त्यांनी बाईंच्या हातावर हात ठेवला. चार वर्षांत पहिल्यांदाच.

“तुम्ही आज जा, डीन,” बाई हळूच हात सोडवून घेत म्हणाल्या.

शेजारचे पडदे दोन आठवडे उघडले नाहीत. एक गुरुवार रिकामा गेला, दुसराही गेला. दीनानाथ साडेनऊला फाटकाशी उभे राहत, दहाला आत येत, आणि प्रेस क्रमांक सातमधले डबे काढून परत तसेच लावत. आपण एका म्हाताऱ्या बाईचा बाप हिरावून घेतला, असं त्यांना वाटू लागलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपल्या बिनचूकपणाची लाज वाटली. सुमेधा जाता-येता बाईंच्या दाराशी सूप ठेवून येई. भांडं धुऊन परत येई, चिठ्ठी मात्र येत नसे.

तिसऱ्या गुरुवारी अकराला घंटी वाजली. बाई स्वतः चालत आल्या होत्या, हातात काठी, काखेत ती करडी फाइल. तन्वीने खुर्ची दिली. बसल्यावर त्यांनी एक कागद पुढे सरकवला. खेड्याला लिहिलेलं उत्तर होतं.

‘माझे वडील त्या दिवशी तिथे होते. मी जन्मभर उलट सांगत आले. ती आता बोलून भरून निघणारी गोष्ट नाही. मला लांबचा प्रवास झेपत नाही. पण मुलं नावं वाचतील त्या सकाळी मी माझ्या अंगणात उभी राहीन, एकशे एकविसावं नाव होईपर्यंत. कृपा करून नावं मला पाठवा, म्हणजे मलाही वाचता येतील.’

दीनानाथांनी दोनदा वाचलं. कुणाचा मसुदा वाचून त्यात एकही शब्द बदलावासा वाटला नाही, असं त्यांना पहिल्यांदाच झालं. त्यांनी मान हलवली.

“एक गोष्ट सांगायची आहे,” बाई म्हणाल्या. “जखमांचं पान मीच वाचलं ना तुम्हाला? एकोणीस ऑगस्ट. मी पाहिलं होतं, डीन. तेव्हाच पाहिलं होतं. मला वाटलं, तुम्ही इतक्या तारखा उतरवता आहात, एक निसटेल. आणि मग तुमची सही आली की मीही विसरून जाईन. तुमच्या सहीचा कागद परत येत नाही, तुम्हीच म्हणाला होता.”

“चहा घेऊ या म्हणालात तुम्ही,” दीनानाथांना आठवलं.

“हो. मी घाबरले होते.” बाईंनी फोटो काढून टेबलावर उलटा ठेवला. आईचं निळं अक्षर वर आलं. “आईही घाबरली असेल. लेकीचं वय कुठली आई चुकते?” त्या म्हणाल्या. “तुमच्या ऑफिसात नोंद चुकली तर काय करायचं, ते सांगितलं होतं तुम्ही. मला पेन द्या.”

दीनानाथांनी खिशातलं निळं पेन काढून टोपण उघडून दिलं. बाईंनी ते घेतलं, पाहिलं आणि बाजूला ठेवलं.

“लाल आहे का?”

“मॅडम, दुरुस्ती निळ्यात चालते. लाल फक्त...”

“माहीत आहे मला लाल कशासाठी असते.” बाई म्हणाल्या. “इतक्या वर्षांची नोकरी, आणि त्यांच्या अख्ख्या रेकॉर्डात एकही लाल नोंद नाही. एकशे एकवीस माणसं, आणि एकही नाही. एक तरी असू दे. मी त्यांची मुलगी आहे, मी नाही लिहायची तर कोण लिहिणार?”

तन्वीच्या दप्तरातून लाल पेन आलं. बाईंनी डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. ‘१९४२’वरून एक सरळ रेघ ओढली आणि वर ‘१९४३’ लिहिलं. ‘चार’वर एक रेघ, वर ‘पाच’. सही केली, तारीख टाकली. मग फोटो दीनानाथांपुढे सरकवला.

“आईचं खालचं अक्षर वाचता येतंय ना?” त्यांनी लहान मुलीसारखं विचारलं.

“येतंय, मॅडम. चांगलं वाचता येतंय.”

“मग ठीक आहे. तपासणाऱ्याची सही राहिली.”

दीनानाथांनी चष्मा पुसला, खुर्ची पुढे ओढली आणि त्या दोन लाल रेघांखाली, निवृत्तीनंतर पंचवीस वर्षांनी पहिल्यांदा, तपासणारा म्हणून पूर्ण नावाने सही केली.